मंडईला येताय ना?

मागे एकदा दिवाळीच्या सुट्टीत पुण्याच्या मैत्रिणीचा फोन आला. "फराळ संपला, आता सुट्टीत कुठं जाणार?" मी म्हटलं, "मंडईला." त्यावर ती म्हणते, "अगं, भाजी आणायला जाणं ही काय सुट्टी झाली?"

तिचा काही दोष नाही. पुण्या-मुंबईच्या मैत्रिणींना मंडई म्हटले की कांदे-बटाटेच आठवणार. आमच्या गोंदिया-भंडाऱ्याकडे मात्र मंडई हा एक सण आहे; आणि तो कॅलेंडरात छापलेला नसतो, म्हणून बाहेरच्यांना ठाऊक नसतो. भाऊबीज झाली की गावोगावच्या मंडया सुरू होतात. आज या गावाची, उद्या त्या गावाची, असे करत महिनाभर तरी चालते. प्रत्येक गावाचा दिवस परंपरेने ठरलेला. कुणाची भाऊबीजेच्या दुसऱ्याच दिवशी, कुणाची अमक्या वारी. त्या दिवशी गावात बाजार भरतो, गोवाऱ्यांची ढाल नाचते, दुपारी दंडार होते आणि रात्री नाटक. पलीकडे बालाघाटात आणि छत्तीसगढात हाच शब्द 'मडई' असा आहे. बस्तरातल्या नारायणपूरची मडई तर फार नावाजलेली, पण ती बऱ्याच उशिरा, फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला भरते. आमची मंडई शरदाच्या शेवटाची. ऊन कोवळे झालेले असते, पहाटे धुके पडू लागते, हलका धान कापून झालेला आणि भारी धान अजून शेतात उभा. शेतकऱ्याच्या हातात वर्षाचा पहिला पैसा आलेला असतो. मंडई याच वेळेला का, ते आणखी निराळे सांगायला नको!

माझे माहेर अर्जुनी-मोरगाव तालुक्यातले, सासर गोंदिया शहरातले. लग्न झाल्यावर दिवाळीला एकदा माहेरी जाता आले नाही तरी चालते, पण मंडईला जायचेच, अशी आमच्याकडची रीत आहे. दिवाळीचा पाडवा सासरी होतो, भाऊबीजेला भाऊ येतो आणि जाताना म्हणतो, "बाई, मंडईले येजो." ते बोलावणे खरे. गावच्या सगळ्या लेकी एकाच दिवशी आलेल्या असतात. ज्या मैत्रिणीला चार वर्षांत पाहिले नाही, ती बांगड्यांच्या दुकानापाशी कडेवर पोर घेऊन उभी दिसते. शिवाय सोयरे येतात, सोयऱ्यांचे सोयरे येतात, आणि लग्नाची मुले-मुली असतील तर 'सहज' येणारे पाहुणेही येतात. कितीतरी सोयरिकी मंडईत जुळल्या आहेत. मुलगी जिलबी घ्यायला उभी राहिली आणि तिकडून कुणाच्या मावशीने तिला नीट न्याहाळून घेतले, असे चालायचेच.

आता एवढे पाहुणे म्हटल्यावर घरातल्या बाईची मंडई कुठे असते? चुलीपाशी! माझ्या आईने पंधरा-वीस वर्षे गावातल्या गावात ढाल पाहिली नव्हती. डफाचा आवाज तेवढा कानावर यायचा. मी शाळेत पाचवीच्या मुलांना 'आमच्या गावची मंडई' यावर दहा ओळी लिहायला सांगते. पाळणा, पुंगी, भेळ असे सगळे त्यात असते. एका मुलाने शेवटची ओळ लिहिली होती, 'माझी आई मंडईला आली नाही, ती भात रांधत होती.' शुद्धलेखनाची चूक एकही नव्हती. मी नुसती बरोबरची खूण केली आणि वही कितीतरी वेळ हातात धरून बसले.

तेव्हा आधी चुलीचे बघू. माहेरी आम्ही दोघी बहिणी आणि दोघी भावजया मिळून आता जे करतो ते सांगते. तुमच्याकडे जत्रा असो की गणपती, उपयोगी पडेल. पहिले म्हणजे, पाहुण्यांच्या भाताला नवा तांदूळ काढायचा नाही. नवा तांदूळ घरचा म्हणून कौतुकाने सगळे रांधायला जातात आणि मोठ्या पातेल्यात त्याचा गोळा होतो. जुना तांदूळ मंडईपुरता राखून ठेवावा. आमची माणसे भात खाणारी, तेव्हा माणशी दीडशे ग्रॅम धरावेत. तीस माणसांना साडेचार किलो. नवा तांदूळ रांधायचाच झाला तर पाणी कमी घालावे आणि भात होत आला की निखाऱ्यावर किंवा अगदी मंद गॅसवर झाकून ठेवावा. सकाळच्या न्याहारीला पोहे, तीस जणांना अडीच किलो पुरतात. भाजीचा मसाला आदल्या दिवशी भाजून, वाटून, तेलात परतून ठेवावा. वांगी मात्र आयत्या वेळीच चिरावीत. पत्रावळी आमच्याकडे पळसाच्या मिळतात. भांडी घासण्याचे निम्मे काम तिथेच वाचते.

आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे पाळ्या. दुपारी बारा ते दोन दोघींनी घरी राहायचे, दोन ते चार दुसऱ्या दोघींनी. ज्या बाहेर जातील त्यांनी मागे वळून "कढी उतू तर गेली नसेल ना" म्हणायचे नाही. पहिल्या वर्षी पुरुषमंडळी जरा गोंधळली. चहा कुणाला मागायचा तेच कळेना. मग धाकटा भाऊ स्वतः चहा करू लागला. चांगला करतो.

मंडईतून घरी आणायची वस्तू म्हणजे शिंगाडे. गोंदिया-भंडारा हा तळ्यांचा मुलूख आहे. जुन्या मालगुजारांच्या काळातले तलाव गावोगाव आहेत. कागदोपत्री त्यांचे नाव 'माजी मालगुजारी तलाव', लोकांनी त्याचे केले 'मामा तलाव'. माझी मुलगी लहानपणी विचारायची, "कोणत्या मामाचा?" कोहळी समाजाच्या लोकांनी बांधलेले हे तलाव, नवेगाव बांध तर सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. या तळ्यांत ढिवर बांधव शिंगाड्याचे वेल लावतात आणि दिवाळीच्या आगेमागे, थंडगार पाण्यात तास न् तास राहून, फळे तोडतात. वर दोन काटे, आत पांढराशुभ्र गर. मंडईत उकडलेले काळे शिंगाडे ढिगाने विकायला बसलेल्या असतात त्या बहुतेक बायकाच. भाव करताना एवढे लक्षात ठेवा, की त्या काट्यांनी हात फाडून घेतल्याशिवाय ती टोपली भरत नाही.

घरी ताजे आणले तर नीट चोळून धुवावेत. तळ्यातले फळ आहे, मुलांना कच्चे देऊ नये. मीठ घालून, बुडतील एवढ्या पाण्यात, पंधरा-वीस मिनिटे उकडावेत. सोलायला अडकित्ता चांगला, सुरी निसटते. बोटे काळी होतात, त्यावर लिंबाचे साल घासावे. पिठासाठी मात्र सोललेले गर कडक उन्हात आवाज येईपर्यंत वाळवून मगच दळावेत. जरा ओल राहिली की डब्यात जाळी धरते आणि एकादशीला डबा उघडल्यावर जीव हळहळतो.

हे झाले बाजाराचे. पण बाजार तर दर आठवड्याला भरतो. ज्या गोष्टीमुळे त्या दिवशीच्या बाजाराची मंडई होते ती म्हणजे ढाल.

ढाल म्हटल्यावर लढाईतली ढाल डोळ्यांपुढे आणू नका. हा एक उंच बांबू. त्याला कापड गुंडाळलेले, वर मोरपिसांचा झुबका. गोवारी समाजाचे हे दैवत. गोवारी म्हणजे पिढ्यान् पिढ्या गावाची गुरे राखणारे लोक. दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडे गायगोधन असते. गाईंना न्हाऊ-माखू घालून, शिंगे रंगवून ओवाळतात, शेणाचा गोवर्धन करतात आणि त्यावरून गाईंना नेतात. त्या दिवसाचा मान गोवाऱ्याचा. तेव्हा निघालेली ढाल मग मंडईत येते. आसपासच्या गावांतून एकेक ढाल डफ-बासरीच्या गजरात येते, चावडीपुढे किंवा बाजाराच्या मधोमध सगळ्या एकत्र होतात आणि भोवती नाच सुरू होतो. धोतर, पागोटे, कवड्यांचा साज, हातात काठी. म्हातारे पुढे, पोरे मागे. एक जण दोन ओळींचे गाणे फेकतो, बाकीचे उचलतात. त्यात गाई असतात, रान असते, आणि कधी कधी गावच्या पाटलाला शालजोडीतला एखादा असतो. त्या दिवशी पाटलाने रागवायचे नसते.

मी मुलांना घेऊन अगदी पुढे उभी राहते. मुलाने एकदा विचारले, "आई, यांना नाच कुठं शिकवतात?" गोंदियाला नाचाचे वर्ग आहेत, तिथे फी आहे, गणवेश आहे. इथे आजोबाच्या पावलावर नातू पाऊल टाकत होता, त्याची फी कोण घेणार?

या नाचणाऱ्या समाजाची एक मोठी जखम आहे आणि तीही याच दिवसांतली आहे. 23 नोव्हेंबर 1994 रोजी, नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाच्या वेळी, अनुसूचित जमातीत गणना व्हावी म्हणून गोवाऱ्यांचा मोर्चा विधानभवनावर गेला होता. तिथे पोलिसांचा लाठीमार झाला, चेंगराचेंगरी झाली आणि 114 माणसे गेली. त्यांत बायका आणि लेकरे फार. नागपुरात त्यांचे स्मारक आहे. पुढे 1995 मध्ये त्यांना विशेष मागास प्रवर्गात घेतले. मूळ प्रश्न एका नावाचा. 1956 च्या यादीत 'गोंड गोवारी' असे लिहिलेले आहे, आणि ते आम्हीच, असे गोवाऱ्यांचे म्हणणे. 2018 मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ते मान्य केले. डिसेंबर 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि गोवारी वेगळे, गोंड गोवारी वेगळे, असे ठरवले. कायद्यातले मला फारसे कळत नाही आणि त्यावर मी मत देणार नाही. पण मंडईत ढोल-डफ वाजत असताना, त्या नाचणाऱ्यांतल्या एखाद्या म्हाताऱ्याच्या घरचे कुणी त्या मोर्चातून परतलेच नसेल, हे आपल्याला ठाऊक असावे एवढेच मला वाटते.

आता आपल्या हातातले. अलीकडे कित्येक गावांत मंडईला ऑर्केस्ट्रा येतो, मोठमोठे भोंगे येतात. त्यांचे हजारो रुपये आधी ठरतात, आगाऊ दिले जातात. ढालीला मात्र कुणी बोलावणेच पाठवत नाही. 'ते येतातच' असे धरून चालतात. आणि आले की सुपात थोडा धान, नारळ, हातावर दहा-वीस रुपये. ज्या पोरांना नागपूरला, हैदराबादला मजुरीवर चार पैसे मिळतात, त्यांनी रजा टाकून, भाडे खर्चून कशासाठी यावे? मागच्या काही वर्षांत आमच्या गावी येणाऱ्या ढाली कमी कमी होत चालल्या होत्या. एका वर्षी तर एकच आली, आणि तिचाही डफ भोंग्यापुढे ऐकू येईना.

मग गावातल्या बचत गटाच्या बायकांनी मनावर घेतले. पुरुषांच्या सभेत जाऊन भांडल्या वगैरे नाहीत. त्यांनी घरटी दहा रुपये आणि एक पायली धान गोळा केला. दिवाळीआधी चार गावांच्या गोवारी मंडळींकडे नारळ आणि बोलावणे पाठवले. दुपारी एक ते चार भोंगा बंद, एवढी एकच गोष्ट मंडळाकडून कबूल करून घेतली. मंडळाचे अध्यक्ष 'बघू' म्हणाले, पण अध्यक्षांच्या सौभाग्यवती बचत गटाच्या खजिनदार! तेव्हा बघण्यासारखे फारसे उरले नव्हते.

खरा प्रश्न पुढेच आला, तो पंगतीचा. आजीच्या काळात नाचून आलेल्यांना अंगणाच्या कडेला, सगळ्यांचे झाल्यावर वाढत. आईच्या काळातही शेवटचीच पंगत. उरलेले वाढत असे नव्हे, पण गार झालेले नक्कीच. या वेळी बायकांनी ठरवले की ढाल थांबली की पहिली पंगत नाचणाऱ्यांची आणि त्यांच्या घरच्या बायका-मुलांची. मग जावई, मग बाकीचे पाहुणे. एक-दोन घरांतून कुरकुर झाली. "जवाई बसून रायतीन का?" असे एक आजी म्हणाल्या. आमच्या आईने वरणाची बादली उचलली आणि म्हणाली, "जवाई काही नाचले नाईत." सगळ्या हसल्या, आणि पंगत वाढली गेली. जावईबापू अर्धा तास बसून राहिले, कुणाचे काही बिघडले नाही. माझे यजमानही त्यांतच होते. ते उठून पाणी वाढायला लागले, हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण ते हे सदर वाचतात.

त्या पंगतीत एक म्हातारी बाई माझ्यापुढे बसली होती. भात वाढताना मी विचारले, "आणखी घ्या ना?" ती म्हणाली, "पहिल्यांदाच गरम खाऊन रायलो बाई मंडईत." एवढेच बोलली आणि ताटात बघून जेवू लागली. मला पुढे वाढायला जमेना, भावजयीने हातातला डाव घेतला.

गेल्या वर्षी तीन ढाली आल्या. यंदा किती येतात ते बघायचे.

रात्रीच्या नाटकाबद्दल लिहायचे तर दुसरा लेख होईल. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे झाडीपट्टीच्या नाटकांचे माहेरघर. दिवाळीनंतर तिथल्या कंपन्या गावोगाव निघतात. रात्री दहा-अकराला पडदा उघडतो आणि पहाटेपर्यंत चालतो. रडणे, हसणे, गाणी, सगळे भरपूर. गडचिरोली जिल्ह्यातले परशुराम खुणे हे या रंगभूमीचे मोठे नट, त्यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या घरी पेढे आणले होते, जसे काही घरातल्याच कुणाला मिळाली! बायकांनी नाटकाला अवश्य जावे, पण तयारीने. मुलांना दुपारी झोपवून घ्यावे. खाली अंथरायला सतरंजी, वर पांघरायला गोधडी, कानाला बांधायला रुमाल; मंडपात दव उतरते. थर्मासात चहा. बाजूच्या बाईशी आधीच ओळख करून घ्यावी, म्हणजे उठायचे झाले तर लेकरू कुणाच्या मांडीवर ठेवायचे हा प्रश्न पडत नाही. पहाटे एकट्या-दुकट्या परतू नये, पाच-सहा जणींनी मिळून निघावे.

आणि पहाटे परतताना जर तुमची वाट तळ्याकाठच्या बांध्यांवरून असेल, तर जरा थांबा. उभ्या धानापलीकडे कधी कधी माणसाएवढा उंच, लाल डोक्याचा पक्षी दिसतो, बहुधा जोडीने. तो सारस. महाराष्ट्रात तो मुख्यतः आमच्याच जिल्ह्यात उरला आहे, आणि तोही मोजकाच. पावसाळ्यात तो धानाच्या बांधीत घरटे करतो. शेतकरी तेवढा तुकडा निंदायचा ठेवून देतात, धान थोडा कमी होतो, होऊ देतात. मंडईच्या सुमाराला पिल्लू आई-बापांच्या मागे चालताना दिसते. त्यांच्याजवळ जाऊ नये, मोबाईलसाठी तर मुळीच नाही, लांबूनच बघावे. दोघे माना उंचावून एकदम ओरडतात, तो आवाज अर्धा मैल तरी जातो. आमच्याबरोबरची एक पेंगुळलेली पोर दचकून म्हणाली, "नाटक अजून चालूच हाये का?"

गोंदियाहून अर्जुनीकडे रेल्वेही आहे आणि एस. टी. ही आहे. कोणत्या गावची मंडई कोणत्या दिवशी, हे विचारायचे तर भाजीवालीला किंवा दूधवाल्याला विचारा, त्यांना सगळ्या तारखा तोंडपाठ असतात. येताना रिकामी पिशवी आणा, शिंगाड्यांसाठी. आणि दुपारी एकच्या आत पोचा, ढाल तेव्हाच येते.